अंगावर काढलेलं

आत्याच्या गच्चीवर दोरीला एक पंचा वाळत होता. एप्रिलचं नाशिकचं ऊन, सकाळचे अकरा वाजलेले. पंचा वाळून कधीच कडक झाला होता, तरी त्याच्या खालून दोन ओले कोपरे लोंबत होते. मी पापड उलटायला वर गेले होते. वाऱ्याने पंचा सरकला आणि त्याच्या दोन पदरांमध्ये दडवलेल्या, जुन्या वायल साडीच्या दोन पट्ट्या दिसल्या.

माझ्या वयाच्या बाईला त्या पट्ट्या ओळखायला वेळ लागत नाही. शाळेत असताना आई अशाच घड्या करून द्यायची आणि धुतल्यावर परकराखाली वाळत घालायला लावायची, म्हणजे वर आलेल्या कुणाला दिसू नयेत. त्यामुळे त्या घड्यांना कधी धड ऊन मिळायचं नाही, कायम एक दमट वास यायचा. पण या घरात त्या कुणाच्या? घरात आत्या आणि आतोबा, दोघंच. सून पुण्याला. आत्या 61 वर्षांची.

खाली आले तेव्हा आत्या कुरडयांचा चीक घोटत होती.

"आत्या, वर त्या पट्ट्या कुणाच्या गं?"

तिने हात थांबवला नाही. "पापड उलटलेस का सगळे?"

"आत्या."

"अगं, थोडं दिसतंय मधूनमधून. उष्णता झालीय. आंबे खाल्ले ना."

आंब्याची पेटी अजून घरात यायची होती. "कधीपासून दिसतंय?"

"संक्रांत झाली ना, तेव्हापासून असेल. जाईल आपोआप. तू तेवढं ते पातेलं धर."

मी पातेलं धरलं. संक्रांत ते चैत्र, तीन महिने. या तीन महिन्यांत तिच्या घरी दोनदा सत्यनारायण झाला, ती गंगेवर रोज जाऊन आली, चैत्राच्या हळदीकुंकवाला तिने चाळीस बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हं दिलं, आणि माझी ओटी भरताना म्हणाली, "बारीक झालीस गं." (आम्ही पंचवटीतली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. गोदावरी म्हणणारा बाहेरचा.)

ओटी या शब्दावर मी त्यानंतर बरेच दिवस अडकून राहिले. नारळ, खण, तांदूळ ज्या जागी घालतात ती ओटी. तिच्या आतलं दुखतं ते ओटीपोट. बाहेरून एवढा मान, चारचौघींत, हळदीकुंकवासकट; आणि आत काही बिघडलं की पंच्याखाली वाळत घालायचं.

माझा रविवार कारंज्याजवळ डीटीपीचा गाळा आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्याच्या चिठ्ठ्या. दिवसभर मराठी शब्द बघत बसण्याचा धंदा असल्याने शब्दांकडे लक्ष जातं. या सगळ्या मुलखासाठी आपण बायकांनी बहुतेक एकाच शब्दावर निभावून नेलं आहे, तो शब्द म्हणजे अंग. पाळीत जास्त गेलं तर अंगावरून जातंय. पांढरं जात असेल तरी अंगावरूनच. पिशवी खाली सरकली तर अंग बाहेर आलं. बाळाला दूध पाजायचं तेही अंगावर. एवढं सगळं एका शब्दात कोंबलं की डॉक्टरांपुढे बसल्यावर "अंगावरून जातंय" याचा अर्थ काय लावायचा? रक्त की पाणी? थेंबभर की भळाभळा? पाळीत की मध्येच? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दुखणं सहन करत राहण्यालाही आपण म्हणतो अंगावर काढणं. ते बायकांच्या इतकं अंगवळणी पडतं की काही काढतोय हेच कळेनासं होतं.

पाळीलाही कधी तिच्या नावाने हाक मारली नाही. कावळा शिवला, बाहेरची आहे, अडचण आहे, चार दिवस आहेत. माझी आई भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब ठळक निळ्या शाईने लिहायची, गॅस कधी लावला ते लिहायची, आणि पाळीच्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका. इतका बारीक की माशी बसून गेली असं वाटावं. पण ठिपका असायचा. तिला तारीख विचारली तर सांगता आली असती. मला, संगणकावर काम करणारीला, आली नसती. त्यावर पुढे येतेच.

आता याच घरातली दुसरी बाजू. आतोबांना तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला. रात्रीत पाच वेळा उठायला लागायचं, धार बारीक झाली. हे मला कसं माहीत? गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, दूधवाल्यालाही. आठवड्याच्या आत दोन डॉक्टर झाले, तपासणी झाली, गोळी सुरू झाली. मला त्यांचा राग नाही, उलट कौतुक आहे. सांगायचं असं असतं. फक्त त्याच घरात, त्याच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपणारी बाई तीन महिने रक्त पुसत होती आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं.

तिला डॉक्टरकडे न्यायला मला नऊ दिवस लागले. "या वयात कुणाला दाखवू तिथलं?" "सुनेला कळलं तर काय म्हणेल?" "रामनवमी होऊ दे." रामनवमी झाली, काळारामाच्या देवळातली गर्दी ओसरली, रथही निघून गेला. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे, आतोबांना सांगते." त्या संध्याकाळी ती पर्स घेऊन दारात उभी होती.

गंगापूर रोडवरच्या त्या डॉक्टरीणबाईंनी आधी काहीच तपासलं नाही, नुसतं विचारलं.

"पाळी कधी गेली, काकू?"

"मागच्या सिंहस्थात."

डॉक्टर हसल्या नाहीत. नाशिकच्याच असाव्यात. त्यांनी कागदावर 2015 लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढली. मग म्हणाल्या, "काकू, सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं आम्ही धरतो. त्यानंतर एक डाग जरी दिसला, तरी तो पाळीचा नसतो. तो उष्णतेचाही नसतो. कशाचा आहे ते बघावंच लागतं."

"पण दुखत नाहीये काही," आत्या म्हणाली. तिच्या मते तो हुकमाचा पत्ता होता.

"न दुखणाऱ्यालाच जास्त जपायचं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी जे पुढे सांगितलं ते मी गाळ्यावर येऊन लिहून ठेवलं होतं. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. अस्तर पातळ होऊन कोरडं पडलेलं असतं, कुठे मांसाचा कोंब आलेला असतो, कधी संप्रेरकाच्या गोळ्यांचा परिणाम असतो. पण एकीला असतो. आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग अशा डागांतूनच लवकर सापडतो, लवकर सापडला तर बराही होतो. ती दहावी कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

मग आतून सोनोग्राफी. आत्याला वाटलं होतं पोटावर जेल लावून होईल. डॉक्टरांनी तिला तो दांडा आधी हातात दिला, त्यावर निरोध चढवताना दाखवला आणि म्हणाल्या, "थांबा म्हणालात की मी थांबेन. पुतणीला बाहेर पाठवायचं की इथेच असू दे?" आत्याने उत्तर न देता माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या हाडाला टोचत होत्या आणि ती छताकडे बघत रामरक्षा पुटपुटत होती, शेवटची ओळ येईपर्यंत तपासणी झालीसुद्धा. चाळीस वर्षं जिची भीती होती ती गोष्ट पाच मिनिटांत उरकली. तिने दोन मुलं जन्माला घातली होती, पण कुणी तिला विचारून तपासण्याची ही पहिलीच वेळ असावी, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

अस्तराची जाडी 9 मिलिमीटर निघाली. पाळी गेलेल्या आणि डाग दिसणाऱ्या बाईत ती 4 च्या आत असेल तर सहसा निश्चिंत राहता येतं. वर असेल तर तुकडा काढून तपासायचा. मे महिन्यात दुर्बिणीने आत बघून तुकडा काढला, एक कोंब होता तो मुळासकट काढला, आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. त्या आठवड्यात मी एका लग्नपत्रिकेत वधूचं नाव वराच्या जागी टाकलं. दोनशे पत्रिका वाया गेल्या. त्या पत्रिका पुढे कामाला आल्या, तेही सांगते.

रिपोर्ट आला. साधा कोंब, कर्करोग नाही. आत्याचा चेहरा पडला. खरंच पडला. घरी येईपर्यंत रिक्षात गप्प होती, मग पंचवटी कारंजा आल्यावर म्हणाली, "बघ. काही निघालं नाही. उगाच एवढा खर्च." तिला वाटत होतं तिने लहान गोष्टीचा बाऊ केला, म्हणजे मी करायला लावला. काही निघालं नाही याची बाईला लाज वाटावी, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आणि मी? मी 44 ची. आत्याला ओढत नेणारी शहाणी. डॉक्टर आत्याचं लिहून झाल्यावर सहज माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा रंग असा का दिसतोय? डोळ्याची खालची पापणी ओढा बरं." आतली बाजू कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघालं 7.4. बाईचं 12 तरी असावं.

दोन वर्षं माझी पाळी नऊ-नऊ दिवस चालत होती. पहिले तीन दिवस तासाला पॅड, रात्री जुनी चादर दुहेरी करून खाली. गाठी पडायच्या, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या. गाळ्यात काळी खुर्ची मुद्दाम घेतली होती. तिसरा मजला चढताना छाती धडधडायची, मी म्हणायचे वय झालं. आणि एक गंमत, जी कुणाला सांगितली नव्हती: तांदूळ निवडायला बसले की मूठभर कच्चे तांदूळ खाऊन व्हायचे. वाटलं, लागली असेल सवय. डॉक्टर म्हणाल्या, अंगात लोह कमी झालं की माणसाला माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं. माझ्या शरीराने ओरडून सांगण्याचा हा प्रकार चालवला होता आणि मी त्याला तांदूळ चारत होते.

"किती जातं?" या प्रश्नाला मी आत्याइतकंच भोंगळ उत्तर दिलं. "जरा जास्त." जरा म्हणजे किती, हे आपल्याला कुणी मोजायला शिकवलंच नाही. पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या वर गेलं की ते जास्त, म्हणजे चहाचे सोळा चमचे. चमच्याने कोण मोजणार? म्हणून दुसऱ्या खुणा: आठ दिवसांच्या पुढे चालणं, तास-दोन तासांत पॅड भरणं, रात्री बदलायला उठावं लागणं, मोठ्या गाठी, आणि पाळीच्या तारखा बघून लग्नाला जायचं की नाही ते ठरवणं. शेवटची खूण पुस्तकात कुठल्याही आकड्याने दिलेली नसते, पण डॉक्टर विचारतात. भारतात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात 54 टक्क्यांहून थोडा जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे हे आकडे. रक्तक्षय म्हटलं की आपण पालक आणि बीट आणतो. गळती कुठून आहे ते बघायचं राहून जातं.

त्याच्या वर्षभर आधी मी एका ठिकाणी दाखवलं होतं, ते सांगायला हवं. तिथे तपासणी संपायच्या आत सल्ला मिळाला: "पिशवीला सूज आहे. काढून टाका. दोन मुलं झालीत, आता काय करायचंय ठेवून?" घरातली गळकी बादली असावी तसं. मी घाबरून परत गेलेच नाही, आणि नंतर वर्षभर दुखणं अंगावर काढलं ते या भीतीने. "पिशवीला सूज" हा एक असा शब्दप्रयोग आहे की ज्यात काहीही मावतं. नव्या डॉक्टरांनी नीट सांगितलं: पिशवीचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरलंय, त्याने पिशवी जाड झालीय, रक्त त्यामुळे जातंय. त्यावर गोळ्या असतात, संप्रेरक असलेली तांबी असते, आणि हे सगळं करून भागलं नाही तर शस्त्रक्रिया. मला तांबी बसवली, लोहाची सलाइन लावली. चार महिन्यांनी पाळी डागांवर आली. काळी खुर्ची अजून आहे, सवयीने.

पिशवी काढणं वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या वहिनीची काढली, मोठ्या गाठी होत्या, ती आता हसते-खेळते. पण बीडमधल्या ऊसतोड बायकांचं 2019 मध्ये बाहेर आलं तेव्हाचं आठवा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. पाळीत खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला कर्करोग होईल अशी भीती घातली की ती कापायला तयार होते. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखं शरीर होतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून "काढा" म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं: नेमकं काय झालंय, दुसरा कुठला उपाय आहे, आणि अंडाशयं ठेवणार का? विचारल्यावर जे डॉक्टर चिडतात त्यांच्याकडून उठावं.

तर हे सगळं चालू असतानाच, पावसाळ्याच्या तोंडाला, गाळ्यावर एक काम आलं. दिंडोरीकडच्या एका गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं, त्याचं माहितीपत्रक. मजकूर हातात पडला: "श्वेतप्रदर, कष्टार्तव, अत्यार्तव, गर्भाशयभ्रंश..." मी प्रूफ काढून दिलं. न्यायला आलेल्या आशाताईंनी उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, हे कुणाचं लग्न आहे?"

मग आम्ही दोघी बसलो. चहा मागवला. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. अंगावरून पांढरं जाणं. पाळीत पोट दुखणं. मायांग, म्हणजे पिशवी, बाहेर येणं. त्यांच्याकडच्या बायकांच्या मनात पांढऱ्या पाण्याची फार दहशत. हाडं झिजून पाण्यावाटे जातात असं समजतात, लाडू खातात, जडीबुटी घेतात. आशाताई म्हणाल्या, "मी सांगते त्यांना, अंडं फोडल्यावर वरचं पांढरं असतं तसं पाळीच्या मध्यावर गेलं तर ते चांगलं. तोंडात लाळ असते तसं ते. पण दह्यासारखं फुटलेलं आणि खाज, किंवा मासळीसारखा वास, किंवा पिवळं-हिरवं, किंवा पांढऱ्यात लाल, हे झालं की या. ताप आणि पोटात दुखणं बरोबर असलं तर त्याच दिवशी या. नवऱ्यालाही आणा, औषध दोघांना लागू शकतं." मी हे जसंच्या तसं छापलं. फक्त मासळीवर दुपारी शिबिर भरवणाऱ्यांतल्या एका शाकाहारी सभासदाने हरकत घेतली. ठेवलं.

मायांगाबद्दल त्या जास्त वेळ बोलल्या. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठकडून बायका मजुरीला येतात. बाळंतपणाला दोन महिने झाले नाहीत तोच बागेत, डोक्यावर क्रेट. अशीच एक चाळिशीची बाई, कमरेला सुती कापडाचा बोळा बांधून काम करायची. सकाळी ठीक, संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी ओघळल्यासारखं, खोकली की लघवी सुटायची. सहा वर्षं. तिला वाटत होतं आतून काहीतरी तुटून पडेल, आणि हे फक्त आपल्यालाच झालंय. तपासल्यावर रबरासारख्या मऊ कड्याची रिंग बसवली, दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी ती आधीच्या एका शिबिराच्या मांडवात उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली. आशाताई उठून दाखवत होत्या ती कशी बसली ते. थोडंच सरकलेलं असेल तर व्यायामानेही फरक पडतो: लघवी आणि वारा एकदमच रोखून धरायचा तसा तळ आत ओढायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, दहादा, दिवसातून तीनदा. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1948 साली हा व्यायाम मांडला. चालत्या बसमध्येही करता येतो, कुणाला कळत नाही. मी सिटीलिंकमध्ये करते.

पत्रकाच्या मागच्या पानाला जागा उरली होती, तिथे शिबिराच्या डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या व्हिनेगरच्या तपासणीची माहिती घालायला सांगितली. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींत हे करून पाहिलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्या हातून तपासण्या केल्या आणि तपासलेल्यांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू बाकीच्यांपेक्षा 31 टक्क्यांनी कमी झाले. 2013 साली हे जाहीर झालं. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची ही तपासणी होते. संबंधानंतर रक्त दिसणं हीसुद्धा पिशवीच्या तोंडाची खूण असू शकते. ते वाक्य छापायचं की नाही यावर मात्र बराच खल झाला. "संबंध" शब्द पत्रकावर चालेल का? आशाताई म्हणाल्या, "छापा. वाचायला मोठ्याने लावणार नाही, पण घरी नेऊन वाचतील."

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. याआधी आतून तपासणी झालेल्या किती होत्या? 8 टक्के. जगात तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच धरत होते. त्या अभ्यासाला आता पस्तिसांहून जास्त वर्षं झाली. पंचवटीत माझी आत्या त्या वेळी पंचविशीची होती.

माझ्या भाचीचं मात्र वेगळं. बावीस वर्षांची, पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत कॉलेज बुडवायची, गोळीने भागायचं नाही, शौचाला गेलं तरी कळ यायची. तिला तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी सांगितलं की लग्न झालं की थांबतं. पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा हा आजार, एंडोमेट्रिओसिस, दहात एकीला असतो आणि सापडायला वर्षानुवर्षं लागतात. तिचा सहा वर्षांनी सापडला. लग्न हा त्यावरचा इलाज नाही, आणि एरवीही लग्नाने कुठलं दुखणं थांबलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि काही दुखणी अशी, की जिथे तारखा-बिरखा बघत बसायचंच नाही. माझ्या धाकट्या जावेला नाशिकच्याच द्वारका चौकात रिक्षात भोवळ आली. पाळी दहा दिवस लांबली होती, ओटीत एका बाजूला कळ, आणि खांदा दुखत होता. खांद्याचं काय कुणाला वाटणार? गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. त्या रक्ताने पोटातला पडदा चाळवला की दुखतं खांद्याला. रिक्षावाल्याने प्रश्न न विचारता रिक्षा दवाखान्याकडे वळवली, म्हणून ती आज आहे. तसंच अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, त्यातही प्रत्येक तास मोलाचा. हे "सकाळपर्यंत बघू" म्हणायचे प्रसंग नव्हेत.

ऑक्टोबरात आत्याला पुन्हा दाखवायचं होतं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "आजी, कशासाठी?" मागे दोन पुरुष उभे होते. आत्या म्हणाली, "पोटासाठी." मी काही बोलले नाही.

आत गेल्यावर तिने पर्स उघडली आणि लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली. माझ्या त्या वाया गेलेल्या दोनशेतल्या गठ्ठ्यातली, वधू-वर उलटे झालेली. कोऱ्या मागल्या बाजूवर तिच्या मोठ्या, गोल अक्षरात ओळीने दर शुक्रवार होता. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

6 जून, काही नाही. 13 जून, काही नाही. 27 जून, काही नाही, पाऊस. 15 ऑगस्ट, काही नाही, झेंडावंदनाला गेले. 12 सप्टेंबर, लघवीला जळजळ दोन दिवस, पाणी प्यायले.

डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय झालं होतं, काकू?"

आत्याने पर्सची चेन लावली, खुर्ची जरा पुढे ओढली, आणि सांगायला लागली.